रविवारचा बाजार आणि बसलेलं मशीन

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मी धामणगाव बढेहून बोलते आहे. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात घाटावरच्या आणि घाटाखालच्या बाया एकमेकींना ओळखतात त्या बोलण्यावरून, तेव्हा मी घाटाखालची हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. आज मला योजना किंवा बियाणं यावर बोलायचं नाही. दिवाळीच्या आधी आमचं अख्खं घर बाजाराला गेलं होतं, त्याची गोष्ट सांगायची आहे. गटाच्या बैठकीत मी ती सांगितली, तर बाया म्हणाल्या, हे रेडिओवर सांग. म्हणून आले.

तारीख होती १२ ऑक्टोबर २०२५, धनत्रयोदशीच्या आधीचा रविवार. त्या वर्षी पावसानं सोयाबीन झोडपलं, हे तुम्हाला मी काय सांगू. तेव्हा हमीभाव होता ५,३२८ रुपये क्विंटल आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर त्याहून बराच कमी. त्यात दाणा डागी. तरी दिवाळी काही थांबत नाही. पोरांना कपडे पाहिजेत, सासूबाईंचं लुगडं विरलेलं, घरातला कुकर निकामी. आमच्या ह्यांनी सोयाबीनच्या पैशातून तीन हजार काढून दिले. माझ्याकडे लाडक्या बहिणीचे दोन हप्ते न मोडलेले होते, तेही तीन हजार. असे सहा हजार. मी ते तीन ठिकाणी ठेवले. दोन पिशवीत, दोन ब्लाउजमध्ये आणि दोन सासूबाईंच्या कमरेच्या बटव्यात. सासूबाईंच्या बटव्यातून पैसा सहज बाहेर पडत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

आदल्या रात्री कॅलेंडरच्या जुन्या पानामागे यादी केली. मुलगी नववीत आहे, तिनं लिहिली. कपडे, चपला, लुगडं, साबण-तेल, कुकर. सगळ्यात खाली तिनं विचारलं, "आई, शिलाई मशीन लिहू का?" मी म्हटलं, नको. कारण मशीनचा विषय घरात नाजूक झाला होता.

तो विषय असा. मी २०१९ साली तीन महिन्यांचा शिवणवर्ग केला. तेव्हापासून जावेच्या मशीनवर दुपारी दोन तास बसते. तिचं काम असलं की माझं राहतं. गटात मी नव्या मशीनसाठी दहा हजारांचं कर्ज मागितलं होतं आणि बायांनी ते मंजूरही केलं होतं, शेकडा दीडनं. म्हणजे पहिल्याच महिन्यात दीडशे रुपये नुसतं व्याज. आमचे हे म्हणाले, "सोयाबीन गेलं त्या वर्षी कर्ज घेऊ नको." मी म्हणत होते, सोयाबीन गेलं म्हणूनच घ्यायचं. दोघांचंही खरं होतं, आणि अशा भांडणाला शेवट नसतो. आठ दिवस आम्ही त्यावर बोललोच नव्हतो.

तर रविवारी सकाळी एसटीनं मलकापूरला निघालो. आम्ही पाच जण. सासूबाई शहात्तर वर्षांच्या, त्यांना पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हणून फुकट प्रवास. मला आणि मुलीला बायकांचं अर्धं तिकीट, जे १७ मार्च २०२३ पासून सुरू झालं. मुलगा आठ वर्षांचा, त्याचं लहान मुलाचं अर्धं. पाचांत पूर्ण तिकीट एकट्या ह्यांचं. कंडक्टर हसला, म्हणाला, "भाऊ, तुमच्यावरच गाडी चालली." हे पण हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं, चला, दिवस चांगला जाणार.

मलकापूर रेल्वेच्या मोठ्या लाइनवरचं आणि महामार्गावरचं गाव, तेव्हा माल चारी बाजूंनी येतो. दिवाळीच्या तोंडावर रविवारीसुद्धा दुकानं उघडी. प्रत्येक दुकानासमोर एकच पाटी, जीएसटी कमी झाला, भाव उतरले. आता ही गोष्ट खरी आहे आणि अर्धीच खरी आहे, म्हणून दोन मिनिटं ऐका. २२ सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, कर बदलले. अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू, डोक्याचं तेल यांवर १८ टक्के होता तो ५ झाला. भांडी, सायकल आणि शिलाई मशीन १२ वरून ५ वर आली. पोरांच्या वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरचा कर तर निघूनच गेला. पण हजार रुपयांच्या आतले तयार कपडे आधीपासूनच ५ टक्क्यांत होते. त्यांच्यावरचा कर एका पैशानं उतरलेला नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, फ्रॉक सहाशेचा होता, जीएसटीमुळं साडेपाचशेत देतो." माझी मुलगी म्हणाली, "काका, यावर कर कमी झालाच नाही." दुकानदार तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग पोरीच्या हुशारीसाठी पाचशेत घ्या." आम्ही तरी घेतला नाही. रंग तिला आवडला नव्हता.

कपड्यांचं नशीब आमचं दुसरीकडे उघडलं. एका बोळात कटपीसचं दुकान होतं. तिथं तुकडे किलोवर होते, ३२० रुपये किलो. बायांची झुंबड. आपल्याकडं पुष्कळ जणी कटपीसला नाक मुरडतात, पण कटपीस म्हणजे फाटका माल नव्हे. ताका संपताना जो शेवटचा तुकडा उरतो, किंवा विणताना कुठं एखादा दोर सुटला म्हणून बाजूला काढतात, तो कटपीस. घ्यायची रीत तेवढी माहीत पाहिजे. मी पिशवीत टेप घेऊनच गेले होते. प्रत्येक तुकडा उलगडायचा, लांबी मोजायची आणि पन्हाही मोजायचा. पन्हा छत्तीस इंच असला तर पुरुषाच्या पूर्ण बाहीच्या शर्टाला सव्वादोन मीटर लागतं. पन्हा मोठा असला तर कमीत भागतं. तुकडा उजेडाकडे धरून बघायचा, म्हणजे विरलेली जागा लगेच दिसते. घडीच्या रेघेवर रंग फिका पडला असेल तर बाजूला ठेवायचा, तो धुतल्यावर निघत नाही.

आणि सुती म्हणून जे विकतात ते सुतीच आहे का, हे बघायला कडेचा एक दोरा ओढायचा आणि दुकानाबाहेर जाऊन काडी लावायची. सुती दोरा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि बोटात धरली तर राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. मी बाहेर उभी राहून दोरे जाळत होते आणि आमचे हे चार पावलं लांब, जणू ओळखच नाही. सासूबाई मात्र तुकडे काढून देत होत्या, "हा जाळ, हा पण जाळ."

दोन किलो घेतलं, ६४० रुपये झाले. घरी मोजलं तर सोळा मीटर भरलं, मीटरला चाळीस रुपये. त्यातून ह्यांचा शर्ट, मुलाचा शर्ट, मुलीचा कुर्ता, चार ब्लाउज, दोन परकर निघाले आणि पिशव्यांपुरते तुकडे उरले. मुलीच्या कुर्त्याचा कपडा निळा, त्यावर बारीक पांढरी पानं. तिला फ्रॉकपेक्षा तो आवडला.

चपला आणि सासूबाईंचं लुगडं यांत सांगण्यासारखं काही नाही. लुगडं ५५० चं, सुती, नऊवारी. सासूबाईंनी सहा दुकानं फिरवली आणि पहिल्याच दुकानात येऊन घेतलं.

साबणाचं सांगते, कारण तिथं मी स्वतः फसणार होते. चारावर एक फुकट, असा पुडा, १२० रुपयांना. बाजूला साधा चार वड्यांचा पुडा, तोही १२० ला. हात आपोआप पाच वड्यांकडे जातो. मुलीनं बारीक अक्षर वाचलं. पाचातली एक वडी ७५ ग्रॅमची, म्हणजे सगळे मिळून ३७५ ग्रॅम. चारातली वडी १०० ग्रॅमची, म्हणजे ४०० ग्रॅम. फुकटची वडी घेतली असती तर पंचवीस ग्रॅम कमी मिळाला असता. पाकिटावर किमतीजवळ ग्रॅमचा दर छापलेला असतो, तो बघायचा. अक्षर बारीक असतं. चष्मा नसेल तर पोरं घेऊन जा.

आता कुकर. गेल्या वर्षी एका यात्रेतल्या सेलमधून मी कुकर घेतला होता, दोन हजाराचा आठशेत. नाव ऐकल्यासारखं, पण एक अक्षर वेगळं. बिल नाही. तीन महिन्यांत झाकणाच्या कडेनं वाफ यायला लागली. एके दिवशी शिटी झालीच नाही आणि वाल्व उडाला. डाळ आढ्याला लागली. मुलगा तिथून नुकताच उठून गेला होता. ती जागा मला अजून दिसते. त्या दिवसापासून आम्ही डाळ पातेल्यात शिजवतो.

मलकापुरात रस्त्याकडेला एका गाडीवर तसेच कुकर होते, नऊशेला. आमचे हे थांबले. त्यांचंही बरोबर होतं, पातेल्यातल्या डाळीला गॅस किती जातो ते सिलिंडर आणणाऱ्यालाच कळतं. त्यांनी एक उचलला, म्हणाले, "जड आहे, चांगला आहे." मी उलटा करून बघितला. कुकरवर आयएसआयची खूण असावीच लागते, हा सरकारचा नियम आहे. ती खूण आणि तिच्यावर आयएस २३४७ हा आकडा. कुकरचा आकडा हाच. यावर काहीच नव्हतं, नुसता चमकीचा कागद चिकटवलेला. मी म्हटलं, नको. हे म्हणाले, "तुझं प्रत्येकात नको." रस्त्यावरच झालं आमचं. दहा मिनिटं. मुलगा रडवेला झाला. शेवटी सासूबाई मध्ये पडल्या, म्हणाल्या, "अरे, आढ्याची डाळ मीच खरवडली. तू होता का तिथं?" मग कुकर राहिला तो राहिलाच. तो अजून यादीत आहे. खूण असलेला घेऊ, पैसे साठतील तेव्हा.

जाता जाता एक सांगते. गेल्या वर्षीचा कुकर मी परत करू शकले नाही कारण बिल नव्हतं आणि विकणाराही राहिला नव्हता. पण दुकानात घेतलं असेल तर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी बघून घाबरायचं नाही. वस्तू सदोष निघाली आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर तीस दिवसांच्या आत ती परत घ्यायला नकार देणं हे २०१९ च्या ग्राहक कायद्यात बसत नाही. बिल न देणंही बसत नाही. १९१५ हा ग्राहकांचा फोन नंबर आहे, मराठीतही बोलतात. जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी लागत नाही. हे मी गटात लिहून लावलं आहे.

भांडणानंतर आम्ही भजी खाल्ली, कुणी कुणाशी बोललं नाही, आणि स्टँडकडे निघालो. वाटेत जुन्या सामानाचं दुकान लागलं. जुनी कपाटं, कूलर, पंखे, खाटा. पाऊस भुरभुरला म्हणून आम्ही त्याच्या पत्र्याखाली उभे राहिलो. आणि कोपऱ्यात, एका कूलरच्या मागं, काळं पायमशीन. बिडाचं स्टँड, लाकडी पाट, सोनेरी नक्षी अर्धी घासून गेलेली. मुलीनं मला कोपर मारलं. मी बघितलंच नाही असं केलं. सासूबाईंनी शिकवलेलं आहे, आवडलेल्या वस्तूकडे पहिलं बघायचं नाही. मी आधी कूलरचा भाव विचारला.

दुकानदार म्हणाला, "ते मशीन जाम आहे ताई. स्टँडसाठी घेतात लोक, वर काच बसवून टेबल करतात. अठ्ठावीसशे."

नवीन पायमशीन तेव्हा काय पडत होतं ते मला पाठ होतं. कराआधी सात हजाराचं मशीन असेल तर १२ टक्क्यांनी ७,८४० पडायचं, आता ७,३५०. चारशे नव्वद वाचले, पण साडेसात हजार ते साडेसात हजारच.

मी खाली बसले. जुनं मशीन कसं बघायचं ते आता सांगते, तुमच्यातल्या कुणाला उपयोगी पडेल. आधी हाताच्या चाकाच्या मधली चकती घट्ट आहे ना ते बघायचं. ती ढिली असली की चाक एकटंच गरगर फिरतं आणि मशीन चांगलं चालतंय असं वाटतं. मी ती आवळली आणि चाक फिरवलं. पाव फेरा झाला, अडलं. जोर केला, आणखी थोडं सरकलं, चिखलात पाय ओढावा तसं. पण कुठं खरखर नाही, टकटक नाही. गंजलेलं मशीन खरखरतं. मग सुईचा दांडा धरून डावीउजवीकडे हलवला, अजिबात हलला नाही. म्हणजे झीज नाही. सुईखालची पट्टी सरकवली, दात्यांवर नख फिरवलं, दाते धारदार. स्क्रूंची तोंडं शाबूत, म्हणजे कुणी उघडून बिघडवलेलं नाही. आणि आत बघितलं तर सगळीकडं पिवळं, चिकट, डिंकासारखं. नखानं खरवडून वास घेतला. गोडं तेल.

मैत्रिणींनो, हे आपल्या घराघरात होतं. मशीनचं तेल संपलं की स्वयंपाकाचं घालतात. चार दिवस मशीन छान चालतं. मग ते तेल धुळीबरोबर वाळतं, त्याचा थर बसतो आणि मशीन जखडतं. मोडलेलं नसतं, बसलेलं असतं.

मी उठून सासूबाईंच्या कानात सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. त्या पुढं झाल्या, "काऊन भाऊ, जाम मशीनचे अठ्ठावीसशे? पंधराशे देते." दुकानदार म्हणाला, "आजी, माझं असतं तर दिलं असतं. एका बाईनं विकायला ठेवलं आहे. माझं त्यात दहा टक्के. तिनं सांगितलं तेवढे मला तिला द्यायचे आहेत."

तेव्हा मला कसंसंच झालं. इतका वेळ मी दुकानदाराशी खेळत होते. तो आपला रोजचा खेळ आहे, त्यात पाप नाही. पण पलीकडे एक बाई निघाली, शिवणारी. तिला वाटतंय मशीन मेलं, आणि मला माहीत आहे की नाही. पंधराशेत मिळालं असतं तर गटाला मी काय तोंडानं सांगणार होते?

मी म्हटलं, "दादा, मशीन बिघडलेलं नाही. तेल वाळलं आहे आत. त्या बाईंना सांगा, त्यांना पाहिजे असेल तर साफ करून घेता येईल." आमच्या ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. सासूबाई तर मला चिमटाच काढणार होत्या. दुकानदारानंही वर पाहिलं. मग त्यानं फोन लावला आणि माझ्याच हातात दिला.

पलीकडचा आवाज वयस्कर होता. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेल सुनेनं घातलं होतं. मला माहीत आहे ते. पण बाई, मला आता सुईत दोरा दिसत नाही. मशीन ठेवून काय करू?" मग विचारलं, "तुम्ही चालवणार ना? टेबल नाही ना करणार?" मी म्हटलं, चालवणार. त्या म्हणाल्या, "मग अडीच द्या. खणातलं सगळं राहू द्या त्यातच."

फोन ठेवला. मी ह्यांच्याकडे बघितलं. पिशवीतले आणि ब्लाउजमधले बरेचसे गेले होते. तेवढ्यात सासूबाईंनी बटवा सोडला. ज्या बाईनं कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटं घासाघीस केली आहे, तिनं त्यातल्या दोन हजारांत स्वतःचे पाचशे घालून अडीच हजार मोजले आणि एक रुपया कमी कर म्हणाली नाही. वर दुकानदाराला म्हणाली, "चिठ्ठी द्या लिहून." हे महत्त्वाचं. जुनी वस्तू घेताना कुणाकडून, किती तारखेला, किती रुपयांना, हे लिहून सही घ्यायची. उद्या कुणी चोरीचं म्हटलं तर आपल्या हातात कागद पाहिजे.

आमचे हे काहीच बोलले नाहीत. पण स्टँड त्यांनीच उचललं. बीड किती जड असतं, ते उचलणाऱ्याला विचारा. एसटीत सामानाचं तिकीट काढलं. सकाळचाच कंडक्टर होता. म्हणाला, "भाऊ, आता तुमच्या सामानाचं पण पूर्ण तिकीट."

घरी येऊन खण उघडला. नऊ बॉबिन, डझनभर बटणं, खडूचे तुकडे, एक चांगली कात्री, आणि खाकी कागदावर कापलेले ब्लाउजचे साचे, चौतीसपासून बेचाळीसपर्यंत. साचे इतके नीट की मी ते नुसते हातात घेऊन बसले.

साफ करायला दोन रात्री लागल्या. रॉकेल आता शोधावं लागतं. शेजारी एका बाटलीच्या तळाला निघालं. तेलाच्या प्रत्येक भोकात दोन दोन थेंब, जुन्या दातांच्या ब्रशनं घासायचं, रात्रभर तसंच. चूल, दिवा लांब ठेवायचा, हे सांगायला नको. सकाळी चाक हलक्या हातानं मागंपुढं करायचं. पहिल्या दिवशी अर्धा फेरा. जोर लावायचा नाही, लावला तर दांडा वाकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा रॉकेल, पुन्हा पुसणं. पिवळं पाणी येत राहिलं. दुसऱ्या रात्री हे माझ्याजवळ बसले, बॅटरी धरून. साडेदहा वाजता चाक पूर्ण फिरलं आणि फिरतच राहिलं. मग सगळं कोरडं पुसून मशीनचंच तेल घातलं. पट्टा, सुया, बॉबिन भरायच्या चाकाची रबरी रिंग आणि तेलाची बाटली, मिळून १६० रुपये. मशीन मला २,६६० ला पडलं.

चालवून बघताना आधी दोरा न घालता कोऱ्या कागदावर चालवायचं. भोकं एका रेषेत आणि सारख्या अंतरावर पडली की दाते आणि सुई बरोबर. मग दोरा घालून एकदा पातळ कापडावर, एकदा जाड कापडाच्या दोन घड्यांवर. दोन्ही बाजूंनी टाका बघायचा. खालून दोऱ्याचे फासे दिसले तर वरचं टेन्शन ढिलं आहे.

गांधीजी यंत्रांच्या विरोधात होते असं आपण ऐकतो. पण १९२४ साली त्यांना कुणीतरी याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला त्यातून वगळलं होतं. त्यांचं म्हणणं असं की, बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट बघून त्या माणसानं प्रेमापोटी ते केलं. हे मी शिवणवर्गात ऐकलं होतं. बॅटरी धरून बसलेल्या माणसाला मी ते सांगितलं. ते म्हणाले, "मी नुसती बॅटरी धरतो."

वसुबारसेच्या आधीपासून लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवसापर्यंत मी नऊ साधे ब्लाउज आणि सहा परकर शिवले. ब्लाउजला १२०, परकराला ५०. असे १,३८० झाले. सासूबाईंचे पाचशे त्यांना परत दिले. त्यांनी मोजून घेतले. गटाचं दहा हजारांचं कर्ज मी घेतलं नाही. त्या जागी दुसऱ्या एका ताईंनी शेळीसाठी घेतलं. मुलीचा निळा कुर्ता शेवटी झाला, पाडव्याच्या पहाटे, बटणं खणातली लावली.

भाऊबीजेला दुकानदाराच्या फोनवरून त्या बाईंचा फोन आला. नंबर त्याच्याकडेच होता. विचारलं, "चालतं का?" मी म्हटलं, चालतं, तुमच्या साच्यावर नऊ ब्लाउज झाले. त्या म्हणाल्या, "चालवून दाखव." मला कळेना फोनवर कसं दाखवू. मग मी फोन पाटावर ठेवला, एक चिंधी घेतली आणि वीतभर शिवण मारली. मुलगा, मुलगी, सासूबाई सगळे गप्प उभे.

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, "पट्टा ढिला आहे. अर्धा इंच काप."

खरंच ढिला होता.